भारतात खनिज तेल आणि नैसर्गिक वायू नेमके कुठे सापडतात?

सर्वात मोठा साठा मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्रात, ‘मुंबई हाय’ इथे आहे. त्याखेरीज राजस्थानातील बाडमेर, गुजरातमधील अंकलेश्वर-मेहसाणा, आसाम आणि आंध्र किनाऱ्यालगतचं कृष्णा-गोदावरी खोरं ही मुख्य क्षेत्रं. तेल गाळाच्या खडकांत तयार होतं, म्हणून ते जुन्या समुद्रतळाच्या आणि नदीखोऱ्यांच्या जाड थरांत मिळतं. मुंबई हायमध्ये ते चुनखडीच्या छिद्रांत साठलेलं आहे. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातील खोदकाम मंचावरून तिथे पहिली विहीर खोदली गेली. तिथलं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांमधून रायगड जिल्ह्यातल्या उरणला येतात. आसामातलं दिग्बोई सर्वात जुनं, 1889 चं. बाडमेरचं ‘मंगला’ क्षेत्र त्या मानाने नवं, 2004 चं.

वायूसाठी यादी थोडी बदलते:
- वसई क्षेत्र (मुंबई हायजवळ)
- कृष्णा-गोदावरीचा खोल समुद्र
- त्रिपुरा

मात्र साठे आहेत म्हणजे पुरेसे आहेत असं नाही: लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो.