गोळीने मुलाचा मेंदू आकसतो का? मेथिलफेनिडेटबद्दल एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. बालमानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली, शाळेकडून प्रश्नावली भरून घेतली, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, आहे असं सांगितलं आणि मेथिलफेनिडेट सुरू करू म्हणाले. घरी दीरांनी व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवला की या गोळ्यांनी मुलांचा मेंदू आकसतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की सुधारेल आपोआप. प्रिस्क्रिप्शन पर्समध्येच आहे आणि तुमची झोप उडाली आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला चौथीत हेच निदान झालं. पुढे बरीच वर्षं गोळी चालू होती, आता ती कॉलेजात आहे. असलेच मेसेज तेव्हाही फिरायचे आणि त्यामागचं मूळ संशोधन काय आहे हे शोधायचं मला वेडच लागलं होतं. डोस किती, आता सुरू करायचं की थांबायचं, हे तुमच्या डॉक्टरांशीच बोला. मेंदू आकसण्याचं मात्र सांगतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे. एडीएचडी असलेल्या मुलांचा मेंदू एमआरआयमध्ये सरासरीने किंचित लहान दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 1991 ते 2001 या काळात 152 एडीएचडीची मुलं आणि 139 इतर मुलं अशी तुलना झाली, 2002 मध्ये ती प्रसिद्ध झाली. फरक साधारण तीन टक्क्यांचा निघाला. मेसेज इथेच थांबतो. पण गोळीने मेंदू लहान होतो का, हाच प्रश्न त्या संशोधकांनाही पडला होता, म्हणून 152 पैकी कधीच औषध न घेतलेली 49 मुलं त्यांनी वेगळी काढून पाहिली. त्यांचाही मेंदू लहानच होता. उलट पांढऱ्या द्रव्याचं, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचं, आकारमान औषध न घेतलेल्यांमध्ये जास्त कमी होतं. म्हणजे फरक गोळीच्या आधीपासूनचा.

आता यावरून कुणी लगेच "बघा, औषधाने मेंदू वाढतो" म्हणेल, तर तेही खरं मानू नका. कोणाला गोळी मिळाली आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. औषध घेणारी आणि न घेणारी मुलं इतर बाबतीतही वेगळी असू शकतात. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने जगभरातली 23 केंद्रं एकत्र आली. 1713 एडीएचडी असलेले आणि 1529 नसलेले, लहानमोठे सगळे धरून. मेंदूच्या आतल्या काही गाभ्यांच्या आकारात फरक सापडला, पण इतका बारीक की एकट्यादुकट्या मुलाचा एमआरआय पाहून कोणी निदान करू शकणार नाही. आणि त्या फरकाचा औषधाशी संबंध दिसला नाही. (कोणी एमआरआय काढून एडीएचडी सांगतो म्हणत असेल, तर तिथून निघा.)

सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका, ते अर्धं बरोबर आहे. 2007 मध्ये त्याच अमेरिकन संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 223 एडीएचडीच्या आणि 223 इतर मुलांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराची, कॉर्टेक्सची, जाडी वयानुसार मोजली. ही जाडी लहानपणी वाढत जाते, एका टप्प्याला सर्वात जास्त होते आणि मग कमी व्हायला लागते. इतर मुलांत तो टप्पा साधारण साडेसात वर्षांला आला, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाला. क्रम तोच, पण तीन वर्षं उशिरा. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून थांबणं, वाट पाहणं, आठवण ठेवून काम पुरं करणं चालतं. हालचालींचा भाग मात्र थोडा लवकरच पिकलेला. आमच्या घरी भिंतीवर चढणाऱ्या भाच्याला पाहून मला हे फार पटलं होतं, मुलगी तशी शांत, स्वतःच्या तंद्रीत असायची.

पण उशिरा पिकतं म्हणजे सगळ्यांचं आपोआप नीट होतं असं नाही. बऱ्याच जणांत लक्षणं मोठेपणीही राहतात. आणि तिसरी ते सहावी ही तीन वर्षं शाळा थोडीच थांबून राहते? त्या काळात "मठ्ठ आहे", "मुद्दाम करतो" हे जे रोज कानावर पडतं, त्याचा हिशोब कोणत्याच एमआरआयमध्ये येत नाही.

"पातळ होतो" या शब्दाचाही मेसेजवाले फायदा घेतात. किशोरवयात कॉर्टेक्स सगळ्यांचाच पातळ होत जातो, तुमचा-माझाही झाला. शॉ यांच्याच 2009 च्या एका छोट्या, 43 मुलांच्या अभ्यासात वेगाने पातळ होणारी मुलं ही त्या काळात औषध न घेणारी होती. घेणाऱ्यांचा वेग इतर मुलांसारखा होता. पण 43 मुलांवरून मी माझ्या मुलीचं काही ठरवलं नसतं, तुम्हीही ठरवू नका.

मग गोळीचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही का? होतो, होण्यासाठीच ती देतात. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं पेशींच्या मधल्या जागेत सुटतात आणि परत आत खेचली जातात. मेथिलफेनिडेट हे परत खेचणं अडवतं, त्यामुळे ती तिथे जरा जास्त वेळ टिकतात. साधी गोळी चारेक तास काम करते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास.

खरा अवघड प्रश्न वेगळाच: वाढत्या मेंदूला ही गोळी मोठ्यांपेक्षा वेगळी लागू पडते का? इथे मला ॲम्स्टरडॅमचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पूर्वी कधीच औषध न घेतलेले 10 ते 12 वर्षांचे 50 मुलगे आणि 23 ते 40 वर्षांचे 49 पुरुष. निम्म्यांना 16 आठवडे मेथिलफेनिडेट, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. नंतर औषध थांबवून, ते शरीरातून गेल्यावर मोजणी केली. मोठ्यांच्या मेंदूत फरक राहिला नाही. मुलांमध्ये राहिला: डोपामिनशी जोडलेल्या भागांतला रक्तप्रवाह औषधाला वेगळा प्रतिसाद देत होता. हे 2016 मध्ये छापून आलं. 2019 मध्ये त्याच मुलांच्या पांढऱ्या द्रव्यातही बदल दिसल्याचं छापून आलं, मोठ्यांत तो नव्हता. बदल चांगला की वाईट हे या मोजणीतून ठरत नाही, 16 आठवड्यांच्या पुढचं त्यात पाहिलेलंच नाही, आणि सगळे मुलगेच! मुलीच्या बापाने काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पण "हे औषध रात्री शरीरातून गेलं की संपलं, मागे काहीच उरत नाही" असं कोणी ठामपणे सांगितलं, तर ते लहान मुलांच्या बाबतीत तितकंसं खरं नाही. म्हणून मी दोन गोष्टी धरून चालतो: निदान पक्कं नसताना द्यायचं नाही, आणि एकदा सुरू केलं म्हणून वर्षानुवर्षं न विचारता चालू ठेवायचं नाही. आमच्या डॉक्टर दर वर्षी, परीक्षा नसताना, काही दिवस बंद करून पाहायच्या. गरज उरली आहे का ते तेव्हाच कळतं.

उंदरांवरच्या प्रयोगांचे फोटोही मेसेजमध्ये असतात. त्यातल्या कित्येक प्रयोगांत औषध सुईने दिलेलं असतं, ते रक्तात एकदम चढतं. पोटात गेलेली गोळी सावकाश चढते, आणि हा फरक लहान नाही.

डॉक्टर समजावताना म्हणतात, हे चष्म्यासारखं आहे. मला ही उपमा कधी पटली नाही, कारण चष्म्याने कोणाची भूक मरत नाही. मेंदूच्या आकाराची काळजी करणारे आईबाप ज्याकडे दुर्लक्ष करतात ते हेच: भूक, वजन, उंची, झोप. अमेरिकेत 579 मुलांवर एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष 1999 मध्ये आले. पुढे त्यातल्या मुलांची वाढ मोजली तेव्हा तीन वर्षांत नियमित औषध घेणाऱ्यांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 2 सेंटीमीटर आणि वजन 2.7 किलो कमी वाढलेलं दिसलं. पहिल्या वर्षी फरक जास्त पडला, तिसऱ्या वर्षी नवा पडला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी औषधाच्या बाजूने बोलणारे सांगत नाहीत: 14 महिन्यांना औषधाचा गट स्पष्ट पुढे होता, तीन वर्षांनी गटागटांतला फरक उरला नव्हता. म्हणजे गोळी त्या त्या दिवसाला मदत करते. त्या मिळालेल्या दिवसांत वाचन, सवयी, आईबापांचं स्वतःचं प्रशिक्षण हे जे करायचं ते आपल्यालाच करावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आधी पालकांचं प्रशिक्षणच सांगते.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात डबा जसाच्या तसा परत यायचा. पोळीचा रोल, त्याला एक चावा, बस्स. मग आम्ही घड्याळच फिरवलं. गोळीच्या आधी भरपूर नाश्ता: तूप लावलेलं थालीपीठ, दही, अंडं. दुपारच्या डब्यावरून भांडायचं नाही. संध्याकाळी गोळी उतरली की भूक उसळायची, तेव्हा शेंगदाण्याचा लाडू हाताशी, आणि रात्री झोपायच्या आधी दूध-केळं. शिवाय ती उतरायची वेळ मोठी चिडचिडीची असते, साधारण अर्धा-पाऊण तास. त्या वेळात गृहपाठ काढू नका आणि पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला तर अजिबात लावू नका. सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब लिहून घ्या, कुटुंबात कोणाला हृदयाचा त्रास किंवा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर तो न विसरता सांगा. पुढे दर तीन महिन्यांनी उंची-वजन त्याच कागदावर. तक्त्यावरची रेघ खाली वळायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करणं, सुटीत थांबवणं, मेथिलफेनिडेट उत्तेजक औषध आहे, तसं नसलेलं ॲटोमोक्सेटीनसारखं औषध पाहणं, असे मार्ग असतात.

परिणाम मोजायला शिक्षिकेची मदत घ्या. गोळी सुरू होण्याआधीची एक गणिताची वही आणि नंतरची एक, दोन्ही शेजारी ठेवा. आमच्याकडे अक्षर सुधारलं नाही, पण उदाहरणं शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ लागली. तुमच्या मुलात महिना-दोन महिन्यांत डोस नीट बसवूनही असं काहीच दिसलं नाही, किंवा तो गप्पगप्प, निर्जीव वाटायला लागला, तर "सवय होईल" म्हणून रेटू नका.

"व्यसन लागेल" हेही दीर म्हणतील. एमटीएतल्या मुलांना मोठं होईपर्यंत पाहिलं, त्यांत औषध घेतल्याने पुढे व्यसनं वाढल्याचं दिसलं नाही. गोळ्या मात्र कुलपात ठेवा. घरात कॉलेजातली भावंडं असतील तर जास्तच, कारण परीक्षेच्या वेळी दुसऱ्यांच्या गोळ्या मागणारे असतात.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी आधी कोणी सांगत नाही. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. वेगळा परवाना असलेलं दुकान लागतं, प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. तो तुमच्याकडे संशयाने पाहतोय असं वाटेल, पण त्याला ते कायद्यानेच करावं लागतं. कोणतं दुकान ठेवतं ते डॉक्टरांनाच विचारा, दोन प्रती तिथेच लिहून घ्या, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी जाणार असाल तर गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करून साठा आहे का ते पाहा.