एडूक म्हणजे थडगे का?

महाभारताचे मराठी भाषांतर वाचताना ‘थडग्यांची पूजा करतील’ असे वाक्य लागले, मूळ श्लोकात मात्र ‘एडूक’ आहे, तर त्याचा अर्थ खरेच थडगे होतो का, असा प्रश्न आला आहे.

श्लोक वनपर्वातला, म्हणजेच आरण्यकपर्वातला आहे. युगान्त कसा असेल हे मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगत आहेत : ‘एडूकान् पूजयिष्यन्ति वर्जयिष्यन्ति देवताः’, म्हणजे लोक एडूकांची पूजा करतील, देवांना टाकतील. पुढे आणखी ठसक्यात, ‘एडूकचिह्ना पृथिवी न देवगृहभूषिता’. म्हणजे पृथ्वीवर जिकडे तिकडे एडूकेच दिसतील, देवळे शोभणार नाहीत. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, सुकथनकरांनी संपादलेल्या आरण्यकपर्वाच्या १८८व्या अध्यायात, हे श्लोक आहेत.

आता कोश. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश. त्याच्या दुसऱ्या कांडात, पुरवर्गात, भिंतीचे शब्द देता देता अमरसिंह म्हणतो : ‘भित्तिः स्त्री कुड्यमेडूकं यदन्तर्न्यस्तकीकसम्’. कीकस म्हणजे हाड. ज्याच्या आत हाडे ठेवली आहेत असे बांधकाम ते एडूक. बस्, एवढेच. निंदा नाही, स्तुती नाही. वीट-चुन्याच्या यादीतला एक शब्द. (कानडीत हाडाला ‘एलुबु’ म्हणतात, त्यामुळे नाते जोडायचा मोह होतो. नुसत्या ध्वनिसाम्यावर मी तरी तो आवरतो.)

आणि विष्णुधर्मोत्तर पुराणात पाहावे, तर तिसऱ्या खंडात ‘ऐडूक’ कसे घडवावे याचा विधीच दिला आहे : एकावर एक पीठे, वर लिंग. तिथे ते चक्क पूजनीय. तेव्हा डंख आहे तो मार्कंडेयांच्या वाक्यात. शब्द बिचारा त्यातला नाही.

अस्थी ठेवून वर बांधायचे नि त्याला वंदन करायचे, हे वर्णन सरळ स्तूपाला लागू पडते, आणि बहुतेक अभ्यासकांना इथे बौद्ध स्तूपच अभिप्रेत वाटतो. मलाही. काही जण या श्लोकात दर्गे शोधतात, पण हाडे आत ठेवलेल्या बांधकामाला एडूक म्हणणारा अमरकोशच इस्लामच्या आधीचा मानला जातो. मग ते ओढूनताणूनच होते.

लोणावळ्याजवळ मळवलीला उतरून भाजे येथल्या बौद्ध लेण्यांत जाऊन या. चैत्यगृहाच्या पुढे चौदा स्तूपांचा घोळका आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. काहींवर ब्राह्मीत अंपिनिक, धम्मगिरी अशा स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे कोरली आहेत आणि शब्द वापरला आहे ‘थूप’, स्तूपाचे प्राकृत रूप. कोरणाऱ्यांच्या मनात तो थूप, मार्कंडेयांच्या लेखी बहुधा एडूक. त्या स्तूपांसमोर उभे राहून ‘थडगी’ म्हणून बघा, जीभ अडते.

अडते, कारण मराठीत या शब्दांची घरे वाटून दिलेली आहेत. कबर, थडगे हे मुसलमान-ख्रिस्ती दफनाचे शब्द. संतांची ती समाधी, राजघराण्याची छत्री. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. तिथे १७९४ साली त्यांचे दहन झाले, पुरलेले कोणी नाही, म्हणून तिला थडगे म्हणता येत नाही. आळंदीत ज्ञानेश्वर माउली १२९६ साली भूमीखालच्या विवरात बसले, तरी त्याला थडगे म्हणायची कोणाची छाती नाही. ‘गाडलेली मढी उकरू नका’ म्हणताना थडग्याची जी छटा मनात येते, ती एडूकात नव्हतीच.

म्हणून ‘थडगे’ अगदीच चूक नाही, पण भाषांतरकाराने पदरची चव घातली. मी ‘एडूक’ तसाच ठेवला असता आणि खाली टीप दिली असती : अस्थी आत ठेवून बांधलेली वास्तू, येथे बहुधा स्तूप. टीप नकोच असेल तर ‘अस्थिस्तूप’.