सव्वासहा सेंटांची आजी आणि तिचा गोतावळा

गेल्या महिन्याच्या स्तंभात मी टॅबिथा ब्राउन या अमेरिकी बाईंचा ओझरता उल्लेख केला होता. 1846 साली, वयाच्या 66व्या वर्षी, ही विधवा बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर मिसुरीहून ऑरेगनला गेली. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की हा सगळा स्तंभ त्यांनाच द्यायचं ठरवलं. घराण्यांचे इतिहास जुळवण्याचं काम मी अनेक वर्षं करतो आहे, आणि वंशावळीत विधवा आली की बहुतेक जण तिथेच थांबतात, हे मला सतत खटकत आलं आहे. टॅबिथाबाईंच्या घराण्यात नेमकं तिथूनच सगळं सुरू होतं.

आम्ही हिल्सबोरोत राहतो. जवळच्या फॉरेस्ट ग्रोव्ह गावात पॅसिफिक युनिव्हर्सिटी आहे आणि तिच्या इतिहासात या आजींचं नाव येतं. सव्वासहा सेंटांची गोष्टही ऐकली. हातमोज्यातल्या एका नाण्याचा विद्यापीठाशी काय संबंध? (हिल्सबोरो, ऑरेगन)

संबंध आहे, पण मध्ये बाईंचे कित्येक वर्षांचे कष्ट आहेत.

टॅबिथा मॉफट यांचा जन्म 1780चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा. 1799 साली क्लार्क ब्राउन या धर्मोपदेशकाशी लग्न झालं. 1817 मध्ये ते वारले. पदरी ओरस आणि मॅन्थानो हे मुलगे आणि फर्नी ही मुलगी. बाईंनी मेरीलँडमध्ये शाळा चालवून मुलं वाढवली आणि मग मिसुरी गाठलं. ओरस 1843 मध्ये ऑरेगन पाहून आला आणि घरच्यांना न्यायला परतला. मॅन्थानो मागेच राहिला. फर्नी, तिचा नवरा व्हर्जिल प्रिंगल, त्यांची मुलं आणि बाईंचे 77 वर्षांचे दीर कॅप्टन जॉन ब्राउन अशी मंडळी निघाली. बाईंची स्वतःची गाडी, स्वतःचे बैल, पगारी हाक्या आणि स्वतःचा शिधा. लेक-जावयावर भार होऊन जायचं नाही, हे त्यांनी निघतानाच ठरवलं होतं.

ओरस नेहमीच्या वाटेने पुढे गेला. प्रिंगल मंडळींना मात्र वाटेत कुणीतरी दक्षिणेकडची जवळची वाट सुचवली. पुढे ती ॲपलगेट वाट म्हणून ओळखली गेली. जवळची म्हणून घेतलेल्या त्या वाटेवर वाळवंट लागलं, जनावरं मेली, आणि अम्क्वा डोंगरातल्या घळीत गाड्या मोडून पडल्या. शेवटी जावयाने सांगितलं की तुम्ही आणि काका घोड्यावरून पुढे निघा, निदान तुमचा जीव वाचेल. शिदोरीला बेकनचे तीन काप आणि थोडा चहा, भाकरीचा तुकडाही नाही. संध्याकाळी वृद्ध दीर घोड्यावरून उतरताच कोसळले. बाई स्वतः पायाने अधू, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांनी गाडीवरचं कापड झाडाच्या फांदीवर टाकून आडोसा केला, दिरांना पांघरुणात गुंडाळलं आणि रात्रभर जाग्या राहिल्या. सकाळी कळलं की पुढच्या मंडळींचा तळ अगदी जवळच होता.

ओरस धान्य घेऊन उलटा आला म्हणून सगळे वाचले. नाताळच्या दिवशी बाई सेलममधल्या एका पाद्र्याच्या घरात शिरल्या. नऊ महिन्यांत त्यांच्या डोक्यावर आलेलं ते पहिलं छप्पर.

आता नाणं. हातमोज्याच्या एका बोटात काहीतरी टोचलं. बटण असेल म्हणून काढलं तर पिकायून, म्हणजे सव्वासहा सेंटांचं नाणं निघालं. त्याच्या तीन सुया घेतल्या. जुने कपडे स्थानिक बायकांना देऊन बदल्यात हरणाचं कमावलेलं कातडं घेतलं, हातमोजे शिवून विकले आणि 30 डॉलरच्या वर मिळवले.

पुढच्या वर्षी त्या ओरसकडे टुआलाटिन मैदानात गेल्या. तिथे हार्वी क्लार्क या पाद्र्याच्या घरी मुक्काम असताना वाटेत आईबाप गमावलेल्या मुलांचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, मला घर द्या, मुलं मी सांभाळते. 1848 मध्ये लाकडी ओंडक्यांच्या प्रार्थनाघरात मुलांचं वसतिगृह सुरू झालं. ज्यांना परवडे त्यांच्याकडून आठवड्याला एक डॉलर, त्यात जेवण, शिकवणं आणि धुणंसुद्धा. बाकीच्यांना फुकट. त्यातूनच 1849 साली टुआलाटिन अकॅडमीला सनद मिळाली आणि 1854 मध्ये पॅसिफिक युनिव्हर्सिटी झाली. मुलांना घेऊन जाल तेव्हा 1850 सालची ओल्ड कॉलेज हॉल ही इमारत जरूर दाखवा.

एक आकडा सांगतो, कारण तो वाचून मी कितीतरी वेळ थांबलो होतो. एका हंगामात पंक्तीला चाळीस जण असताना बाईंनी पाच महिन्यांच्या आत 3,423 पौंड पीठ स्वतःच्या हातांनी मळलं. म्हणजे साधारण 1,550 किलो. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. आणि त्या पिठाचा हिशोब त्यांनी लिहून ठेवला!

अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगताना फुगत जातात. हे सगळं खरं कशावरून? (पुणे)

हा प्रश्न प्रत्येक घराण्याला विचारायला हवा. इथे सुदैवाने एकाच प्रवासाची एकाच कुटुंबातून तीन लिखाणं आहेत. जावई व्हर्जिल प्रिंगल वाटेवर रोजनिशी लिहीत होता. टॅबिथाबाईंनी 1854 मध्ये आपल्या भावंडांना लांबलचक पत्र लिहिलं. आणि त्या प्रवासात पोरसवदा असलेला नातू ऑक्टेव्हियस याने पुढे मोठेपणी आठवणी लिहिल्या.

तिघांना एकच तराजू लावू नका. तारीख, मुक्काम, हवा, किती मैल काटले हे हवं असेल तर रोजनिशी. ती त्या त्या दिवशीची आहे, पण कोरडी आहे, आणि उपासमारीच्या दिवसांतही तिचा सूर बदलत नाही. पत्र आठ वर्षांनी लिहिलेलं आहे, लिहिणारी बाई गोष्ट रंगवून सांगण्यात तरबेज आहे, आणि तिला वाट चुकवणाऱ्या माणसाचा राग तेव्हाही गेलेला नाही. पण घरात कोण काय बोललं, कोण कुणासाठी काय करत होतं, हे फक्त तिथे सापडतं. नातवाच्या आठवणी सगळ्यांत उशिराच्या, म्हणून मुलाच्या नजरेला दिसलेल्या गोष्टींपुरत्या घ्याव्यात.

पत्राच्या शेवटी बाई आपली मालमत्ता मोजतात, तो भाग मला सगळ्यांत विश्वासाचा वाटतो. भाड्याने दिलेलं एक घर, वर्षाला 100 डॉलर भाडं. गावात आठ मोकळे भूखंड. आठ गाई, त्या दुधावर आणि वासरांच्या अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने दिलेल्या. लोकांकडून येणं 1,100 डॉलर, पैकी 400 विद्यापीठाला दिलेले. हे सगळं हातमोज्यातलं ते नाणं निघाल्यापासून, मुलांवर अवलंबून न राहता कमावलं, असं त्या ठासून सांगतात. माणूस पराक्रम वाढवून सांगेल, पण गाई अर्धलीने दिल्या हे कुणी कशाला रचेल?

तिला सरकारी जमीन मिळाली होती का? आणि ती जमीन मुळात कुणाची? (कोल्हापूर)

दुसरा प्रश्न आधी घेतो.

टुआलाटिन मैदान कालापुया लोकांच्या अटफालाटी शाखेचं. 1830 नंतरच्या काही वर्षांत तापाच्या साथींनी त्यांची वस्ती भयंकर घटली. ऑरेगनमधल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन वाटण्याचा कायदा 1850चा आणि कालापुयांशी तह 1855चा. आधी वाटणी, मग करार. 1856 मध्ये उरलेल्या लोकांना ग्रँड रोंडच्या राखीव भागात हलवलं गेलं. बाईंना हातमोज्यांसाठी कातडं देणाऱ्या स्थानिक बायकांचं एकही नाव पत्रात नाही. ब्राउन-प्रिंगल घराण्याचा इतिहास लिहिताना हे पान गाळलं तर तो इतिहास अर्धवट राहतो, असं मी मानतो.

आता बाईंचं. 1850च्या कायद्यात एकट्या पुरुषाला 320 एकर आणि नवराबायकोला मिळून 640 एकर होते. त्यातली अर्धी जमीन बायकोच्या स्वतःच्या नावावर, ही त्या काळात मोठीच गोष्ट. पण ही बायकोची गोष्ट झाली. विधवा म्हणून स्वतंत्र दावा लावण्याची सोय त्या शब्दांत नव्हती. घरातली कर्ती म्हणून विधवेला 160 एकर मागता येतील अशी तरतूद 1862च्या होमस्टेड कायद्याने केली, पण तोवर टॅबिथाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी जे मिळवलं ते स्वतःच्या कष्टाने, असं त्यांचं पत्र सांगतं.

तिचा वंश पुढे चालला का? (नागपूर)

चालला, आणि मुख्यतः लेकीच्या बाजूने पाहिला तर फार सुरेख दिसतो. ब्राउन आडनाव धरून शोधणारा माणूस ओरसच्या मुलांपर्यंत जाईल आणि फर्नीची शाखा त्याच्या हातून निसटेल.

फर्नी आणि व्हर्जिल सेलमजवळ स्थिरावले. त्या शहरातून आजही प्रिंगल क्रीक नावाचा ओढा वाहतो, तो यांच्याच नावाचा. त्यांचा मुलगा क्लार्क प्रिंगल याने 1851 मध्ये कॅथरीन सेजर या मुलीशी लग्न केलं.

ही कॅथरीन कोण? 1844 च्या तांड्यातली सात सेजर भावंडं आईबाप वाटेतच वारल्याने पोरकी झाली. त्यांना वाईलात्पू इथल्या मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन या मिशनरी जोडप्याने ठेवून घेतलं. 1847 मध्ये गोवराची साथ आली. त्यात कायूस जमातीची माणसं मोठ्या संख्येने दगावली आणि संशय डॉक्टर व्हिटमनवर गेला. 29 नोव्हेंबरला कायूसांनी मिशनवर हल्ला केला. व्हिटमन पतिपत्नी मारले गेले, कॅथरीनचे दोन भाऊही गेले, एक बहीण गोवराने गेली. कॅथरीन दुसऱ्यांदा अनाथ झाली. पुढे तिने हे सगळं लिहून ठेवलं, आणि त्या काळाच्या अभ्यासकांना तिचं लिखाण टाळता येत नाही.

म्हणजे पहा, आजी अनाथ मुलांसाठी पीठ मळत होती आणि तिच्या नातवाच्या घरात त्याच वाटेवर अनाथ झालेली मुलगी सून म्हणून आली. दोघींनीही लेखणी हातात घेतली. टॅबिथाबाई 4 मे 1858 रोजी सेलममध्ये वारल्या. 1987 मध्ये ऑरेगनच्या विधिमंडळाने त्यांना ‘ऑरेगनची माता’ हा मान दिला.

ज्यांना अमेरिकेतली अशी घराणी शोधायची आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं. 1840 पर्यंतच्या तिथल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, घरातली म्हातारी आई म्हणजे नुसता एक आकडा. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव येतं. आणि ऑरेगनच्या जमिनीच्या दाव्यांत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख, ठिकाण सापडतं, कारण अर्धी जमीन तिची होती.

माझी पणजी प्लेगात विधवा झाली, दोन मुलं घेऊन नाशिकला आली आणि खानावळ चालवून तिने त्यांना शिकवलं. आमच्या छापील वंशावळीत पणजोबांच्या चौकटीत तिचं नावसुद्धा नाही. कुठे शोधू? (नाशिक)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या पणजीने टॅबिथाबाईंसारखं पत्र लिहिलं नाही एवढाच फरक.

सुरुवात मूळ गावापासून करा. पणजोबा वारल्यावर जमिनीवर वारस लागले असणार. मुलं लहान म्हणजे नोंद ‘अ.पा.क.’, अज्ञान पालन कर्ता, म्हणून आईच्या नावाने होण्याची शक्यता मोठी. तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार आणि वारस नोंदवही मागा. कोतवाल बुकाची नक्कलही मागा, त्यात जन्ममृत्यू असतात. बरंचसं मोडीत निघेल, तेव्हा मोडी वाचणारं माणूस आधी गाठून ठेवा.

वाचताना आडनावावर नजर ठेवू नका. जुन्या कागदांत बाई ‘अमुकबाई कोम अमुक’ किंवा ‘मर्द अमुक’ अशी येते (कोम म्हणजे बायको, मर्द म्हणजे नवरा), विधवा असेल तर ‘गं. भा.’ असं लागतं. पुनर्विवाह झाला असेल तर नोंदी अचानक थांबतात, कारण 1856च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता देतानाच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. नाव दिसेनासं झालं म्हणजे बाई वारली, असा अर्थ लावण्याची घाई नको.

तुम्ही नाशिकलाच आहात हे फार बरं. तुमच्या मूळ गावाचे आणि आडनावाचे तीर्थोपाध्याय कोण ते पंचवटीत विचारा आणि त्यांची नामावळ पाहा. श्राद्धाला आलेल्या माणसांबरोबर आई, काकू, आत्या यांची नावंही पुष्कळदा लिहिलेली असतात. मुलांच्या शाळेचा जनरल रजिस्टर राहिला असेल तर पालकाचा रकाना बघा, तिथे पणजीच असेल. आणि खानावळीचं घर भाड्याचं होतं की विकत, हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा. पुरुषांना विचाराल तर पणजोबांबद्दल सांगतील. विकत असेल तर नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर धारकांची नावं सापडतील. तिचं नाव तिथे मिळालं तर मला कळवा.