आईचे हात कॉटला बांधलेले, आणि संस्था म्हणते, ‘आम्हाला कायदा लागू नाही’

प्रश्न : माझी आई 79 वर्षांची असून तिला स्मृतिभ्रंश आहे. सव्वा वर्षापासून ती महाराष्ट्रातल्याच एका खासगी केअर सेंटरमध्ये राहते. महिन्याचे पैसे मी वेळेवर भरते, अनामत वेगळी दिली आहे. गेल्या रविवारी न कळवता भेटायला गेले, तर तिची दोन्ही मनगटं कापडी पट्टीने कॉटला बांधलेली होती. कमरेखाली जखम झाली आहे. त्या खोलीत आणखी पाच कॉट आहेत. विचारलं तर म्हणाले, ‘प्रवेशाच्या फॉर्मवर तुमचीच सही आहे. वृद्धाश्रमाला परवाना लागत नाही, कुठेही जा.’ फाइल देत नाहीत. आईला नेलं तर अनामत मिळणार नाही म्हणतात.

उत्तर : ताई, सहीचं ओझं आधी मनावरून उतरवा. त्या सहीने आईला बांधून ठेवण्याचा अधिकार कुणालाही मिळालेला नाही.

परवान्याबद्दल ते जे म्हणाले, ते अर्धवट खरं आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा मुख्यतः मुलांनी द्यायच्या चरितार्थाचा आहे. त्याचं कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा सरकारी वृद्धाश्रमाबद्दल बोलतं. खासगी संस्थेवर नोंदणीची सक्ती त्यात नाही. ती आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. ही उणीव मला वकिलीत वारंवार टोचते. म्हणूनच प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाण्याचा सल्ला कुणी दिला, तर तिथे वेळ घालवू नका. ती जागा मुलांविरुद्धच्या अर्जांची आहे.

पण दारावर पाटी कसली आहे यापेक्षा आत काय चालतं, हे कायदा पाहतो. आजारी किंवा जराजर्जर माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा होत असेल, तर ती जागा 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात येते. ‘बॉम्बे नर्सिंग होम अ‍ॅक्ट’ म्हणतात तो हाच. तुमच्या बिलावर ड्रेसिंग, नर्सिंग, इंजेक्शन असे आकार लावलेले असतील, तर ती बिलं जपून ठेवा. महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागात, बाहेर असाल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा की या पत्त्यावर नोंदणी आहे का.

दुसरा कायदा आणखी थेट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधली मानसिक आजाराची व्याख्या स्मरण आणि भान यांच्या गंभीर बिघाडालाही लागू होते. आईचा स्मृतिभ्रंश तिच्यात बसतो, असं माझं मत आहे. असे रुग्ण निवासी ठेवणाऱ्या जागेला कलम 65 खाली नोंदणी लागते. ते वाद घालतील की आम्ही फक्त सांभाळतो, उपचार करत नाही. पण अशा संस्थेच्या व्याख्येत ‘काळजी’ हा शब्दही आहे. कलम 97 सांगतं की रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, हालचाल रोखता येते. कर्मचारी कमी आहेत, हे कारण चालत नाही. प्रत्येक वेळची पद्धत, कारण आणि कालावधी केसपेपरवर लिहावा लागतो, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने पाहण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, 24 तासांत कळवावं लागतं. तुमच्या फॉर्मवरची एक ओळ यातल्या कशाचीच जागा घेत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तक्रार करा.

मात्र सगळ्यात आधी आईला तिथून हलवा. थकबाकी किंवा अनामतीसाठी माणूस अडकवून ठेवता येत नाही. तसं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली तो गुन्हा आहे. दार अडवलं तर 112 ला फोन करा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइनही आहे. निघण्याआधी मनगटांवरचे वळ, कॉट आणि पट्टी यांचे फोटो घ्या. तिथून थेट सरकारी रुग्णालयात न्या. जखम किती खोल आहे, कितपत जुनी वाटते आणि वळ कुठे आहेत, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. झोपून झोपून जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. म्हणून केअर सेंटरकडे फाइल मागताना कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता नाव घेऊन मागा. तिथल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यायला हवीत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, नाकारली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

पैशांसाठी ग्राहक आयोग. तुम्ही मोबदला देता, म्हणजे संस्था धर्मादाय ट्रस्ट असली तरी ही सेवाच आहे. सेवेतील त्रुटीची तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. करारातली अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून हवी असेल, तर राज्य आयोगात जावं लागेल.

आई सुखरूप बाहेर आली, अनामतही परत मिळाली, तरी मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची तक्रार मागे घेऊ नका. त्या खोलीतल्या उरलेल्या पाच कॉटवरच्या माणसांना न कळवता भेटायला कुणी येतं का, हे आपल्याला माहीत नाही.