आयुर्वेदाची ओळख कुठून करून घ्यावी? त्रिफळा, अश्वगंधा, गुळवेल एकदम सुरू करू का?

एकदम तर मुळीच नको. "झाडपालाच आहे, अपाय काय होणार?" असं तुम्ही विचारलंय, आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. मी वैद्य नाही, पुड्या बांधणारा माणूस. पण ओळखच करून घ्यायची तर त्रिफळ्यातल्या एकट्या हिरड्याच्या मागे लागा.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. कोवळा, आत बी न धरलेला आणि वाळून काळा पडलेला तो बाळहिरडा. पूर्ण पिकलेला, मोठा, जड तो सुरवारी. सुरवारी पारखायची जुनी खूण म्हणजे पाण्यात टाकायचा. बुडला तर चांगला. गिऱ्हाईकाने दुकानात अशी परीक्षा घेतलेली मला आवडते.

खरी गंमत पुढे आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय, हिरडा चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, वाफवून घेतला तर उलट मळ बांधतो आणि भाजून घेतला तर वात, पित्त, कफ या तिन्ही दोषांवर चालतो. शिवाय ऋतूप्रमाणे त्याचा जोडीदार बदलतो: पावसाळ्यात सैंधव मीठ, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. याला ऋतुहरीतकी म्हणतात. हिरड्यात खारट सोडून पाचही चवी आहेत असं मानतात, हे लक्षात घेऊन सैंधवाकडे पुन्हा बघा. एवढी थोरवी गाऊन झाल्यावर तेच शास्त्र बजावतं की गर्भवतीने, उपासाने थकलेल्याने, फार रोडावलेल्याने हिरडा घेऊ नये.

म्हणजे "कशावर काय" याआधी कोणाला, केव्हा, कशाबरोबर हे येतं. चांगला वैद्य भूक, झोप, शौच विचारत बसतो ते याचसाठी. व्हॉट्सॲपवरच्या यादीत नेमकं हेच गळालेलं असतं.

अपायाचं म्हणाल, तर 'साइड इफेक्ट नाहीत' हे जाहिरातवाल्यांचं म्हणणं, शास्त्राचं नव्हे. पिंपळी, क्षार आणि मीठ यांचा अतिवापर करू नका, असं चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात स्पष्ट सांगितलंय. ज्येष्ठमध घसा बसल्यावर चघळायला ठीक, पण भरपूर प्रमाणात रोजच्या रोज घेत राहिलात तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. आणि तुमची गुळवेल! कोरोनात घरोघरी तिचे काढे उकळत होते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. खरं कोणाचंही धरा, कुंपणावरची वेल ओरबाडून महिनाभर उकळणाऱ्याने दोन्हीकडून सावध व्हायला हवं.

अश्वगंधा थायरॉइडची गोळी चालू असेल तर किंवा गरोदरपणात विचारल्याशिवाय नको. भस्मं आणि पाऱ्याची औषधं कोणी नुसती काउंटरवरून देत असेल तर दुकान बदला. नोंदणी असलेल्या बीएएमएस वैद्याकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि बीपी-शुगरची गोळी मनाने बंद करू नका.

त्रिफळा कशासाठी हवाय ते तुम्ही लिहिलं नाहीत. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन तपासणी. नुसतं पोट साफ होत नसेल, तर वैद्यांकडे एरंडेलात परतलेल्या बाळहिरड्याचा विषय काढून बघा. जुनी गिऱ्हाइकं अजून तोच मागतात.