दुवा, दुआ आणि नमाज: एका छायाचित्राखालची ओळ

प्रश्न असा आला आहे: छायाचित्रांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी ओळी लिहायच्या आहेत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९४८ साली श्रीनगरला हरी पर्वताच्या उतारावर टिपलेल्या स्त्रियांच्या प्रसिद्ध चित्राखाली तीन जणांनी तीन ओळी सुचवल्या. 'उगवत्या सूर्याला प्रार्थना करणाऱ्या मुस्लिम स्त्रिया', 'नमाज पढणाऱ्या स्त्रिया' आणि 'दुवा मागणाऱ्या स्त्रिया'. यातली कुठली बरोबर? आणि शब्द 'दुवा' लिहावा की 'दुआ'?

माझं मत तिसऱ्या ओळीला, एका अक्षराची दुरुस्ती करून: 'दुआ मागणाऱ्या स्त्रिया'. कारणं जरा सविस्तर सांगावी लागतील, कारण या एका चित्रात मराठीतले चार-पाच शब्द एकमेकांत अडकले आहेत.

आधी पहिली ओळ. या चित्राची प्रचलित इंग्रजी ओळ सांगते की हिमालयामागून उगवणाऱ्या सूर्याच्या दिशेला तोंड करून या स्त्रिया प्रार्थना करत आहेत. 'दिशेला' हा शब्द मराठीत येता येता गळला आणि 'सूर्याला' झालं. एका प्रत्ययाने घात केला. आपण 'विठ्ठलाला प्रार्थना' म्हणतो तेव्हा 'ला' लागतो तो ज्याच्याकडे मागणं आहे त्याला. मग 'सूर्याला प्रार्थना' वाचणारा माणूस सूर्योपासनाच समजणार, त्यात त्याची चूक नाही. कुराणाच्या ४१व्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, तर स्पष्ट आज्ञा आहे की सूर्याला किंवा चंद्राला सजदा करू नका, ज्याने त्यांना निर्माण केलं त्याला करा. म्हणजे ही ओळ त्या स्त्रियांच्या श्रद्धेच्या नेमकी उलट आहे. ती आधी खोडा.

आता 'नमाज'. नमाज म्हणजे मुसलमानांची कुठलीही प्रार्थना, असं मराठीत सर्रास समजलं जातं. तसं नाही. नमाजेला वेळ ठरलेली, दिशा ठरलेली, शब्द ठरलेले आणि शरीराच्या अवस्थाही क्रमाने ठरलेल्या. हात बांधून उभं राहणं म्हणजे कियाम, गुडघ्यांवर हात ठेवून कमरेत वाकणं म्हणजे रुकू, कपाळ जमिनीला टेकवणं म्हणजे सजदा, मग बसणं, आणि शेवटी मान उजवीकडे व डावीकडे वळवून सलाम. आता चित्र समोर धरा. बुरख्यातल्या स्त्रिया, काही उभ्या, काही बसलेल्या, आणि एकीचे हात पुढे पसरलेले, तळवे आभाळाकडे. पलीकडे डोंगर आणि ढग. जमातीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकत्र, नमाज चालू असती तर सगळ्या एकाच अवस्थेत दिसल्या असत्या.

दिशाही तेच सांगते. श्रीनगरहून मक्का पश्चिमेला, थोडी दक्षिणेकडे झुकून. उगवत्या सूर्याकडे तोंड करायचं तर मक्केकडे पाठ होणार, आणि किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेकडे, पाठ करून नमाज होत नाही. वेळेचंही तसंच. पहाटेच्या फजरच्या नमाजेची मुदत सूर्योदयाला संपते, आणि ऐन सूर्य उगवतानाचा काळ नमाजेसाठी वर्ज्य मानला जातो. इंग्रजी ओळ खरी धरली, तर ती ओळच सिद्ध करते की ही नमाज नव्हे. दुआला यातली कुठलीच अट नाही. ती कधीही, कुठेही, उभ्याने, बसून, चालता चालता मागता येते. हरी पर्वताच्या उतारावर सोळाव्या शतकातले सूफी संत हमजा मखदूम यांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर हात पसरून मागणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत.

इथे एक सावधगिरी सांगतो, नाहीतर उघडे तळवे दिसले की दुआ असा नियम करून टाकाल. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे; शाफई आणि हनफी या इस्लामी आचाराच्या दोन परंपरा. त्यांच्या फजरच्या नमाजेत दुसऱ्या रकातीत (रकात म्हणजे नमाजेचं एक आवर्तन), रुकूतून उठल्यावर, उभ्यानेच कुनूत नावाची दुआ म्हणतात आणि तेव्हा हात दुआसारखे उघडे धरतात. रत्नागिरीकडच्या मशिदीतलं पहाटेचं असं चित्र हाती आलं, सगळी रांग उभी आणि सगळ्यांचे तळवे वर, तर तिथे 'नमाजेतली दुआ' हेच बरोबर. काश्मीर आणि आपला देशावरचा बराचसा मुस्लिम समाज हनफी, तिथे फजरला हे दिसत नाही. ओळ लिहिणाऱ्याला चित्र कुठलं आहे हे ठाऊक हवं ते यासाठी.

'नमाज' या शब्दाबद्दल मात्र मला मनापासून ममत्व आहे. तो अरबी नाही, फारसी आहे. अरबीत सलात म्हणतात. आणि फारसी 'नमाज' व संस्कृत 'नमस्' एकाच मुळातून आलेले. आपलं नमन, नमस्कार आणि त्यांची नमाज या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. क्रियापद 'पढणे' हेही उसनं समजू नका. संस्कृत 'पठ्'पासून ते आपल्याकडे केव्हाच आलं आहे, समर्थांचा 'पढतमूर्ख' सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हणून 'नमाज पढली' हे अस्सल मराठी. 'अदा केली' हेही चालतं, कारण नमाज हे कर्तव्य आहे आणि कर्तव्य अदा करायचं असतं. 'वाचली' मात्र नको. समोर पुस्तक नसतं. लिंगाबाबत 'नमाज अदा केला' आणि 'केली' अशी दोन्ही रूपं छापलेली दिसतात. मी स्त्रीलिंगी वापरतो. जच्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देण्याची गरज नाही. 'बाजार', 'जहाज' म्हणताना मराठी जीभ जो 'ज' काढते, तोच इथे आपसूक येतो.

आता मुख्य मुद्दा, दुवा की दुआ.

शब्द एकच, अरबी. मूळ अर्थ हाक मारणं, बोलावणं. कोर्टातला 'दावा' आणि जेवणाची 'दावत' याच घरातले. मराठीने हा शब्द फार पूर्वी घेतला, त्याला 'दुवा' केलं आणि पुल्लिंगी केलं. पण घेताना त्याची दिशा बदलली, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मराठीत दुवा 'देतात' आणि 'घेतात'. म्हातारीला रस्ता ओलांडून दिला, तिने दुवा दिला. गरिबाचा दुवा घ्यावा. दवा आणि दुवा ही जोडीही तशीच. म्हणजे मराठी दुवा माणसाकडून माणसाकडे जातो. तो आशीर्वाद आहे. उर्दूतही 'दुआ देना' आहेच. पण तिथे 'दुआ माँगना', 'दुआ करना' हा पहिला अर्थ, आणि ती हाक माणसाकडून अल्लाकडे जाते. आपण शब्दाचा एक हात घेतला, दुसरा राहून गेला.

असं का झालं असावं? मला वाटतं, मराठी माणसाने हा शब्द मशिदीत ऐकला नाही, दारात ऐकला. गुरुवारी संध्याकाळी धूपदाण्यात ऊद घालून, मोरचेल फिरवत दुकानादुकानांतून जाणारा फकीर माझ्या लहानपणी आमच्या पेठेत यायचा. पैसा टाकला की तो काहीतरी पुटपुटायचा, आणि आजी म्हणायची, दुवा दिला बघ. तुकोबांच्या गाथेत 'दरवेस' म्हणून दखनीतली रचना आहे, 'अल्ला देवे अल्ला दिलावे' अशी. दारातल्या त्या हाकेचा ठेका मराठी कानांत किती मुरला होता ते तिथे कळतं. आणि गालिबची ती गजल आठवा:

हाँ भला कर तिरा भला होगा
और दरवेश की सदा क्या है

भलं कर, तुझं भलं होईल, दरवेशाची हाक याहून वेगळी ती काय असते? लगेच पुढच्या शेरात गालिब म्हणतो, मी तर तुझ्यावर जीवच ओवाळून टाकतो, 'मैं नहीं जानता दुआ क्या है'. ही दुआ अल्लाकडे मागितलेली नाही, समोरच्याला दिलेली आहे. हाच आपला मराठी दुवा. गालिबच्या या दोन शेरांत तो जसाच्या तसा भेटतो म्हणून मला ते फार प्रिय आहेत.

मागण्याची दुआ ऐकायची तर इक्बालांकडे जावं लागतं. मुलांसाठी १९०२ साली लिहिलेली त्यांची कविता सुरू होते ती अशी: 'लब पे आती है दुआ बन के तमन्ना मेरी'. मनातली इच्छा ओठांवर येते आणि येताना दुआ होते. नमाजेतले शब्द अरबीच. दुआ मात्र ज्या भाषेत इच्छा उमलते त्या भाषेत. काश्मिरीत, उर्दूत, आणि चिपळूणच्या आजीबाईंच्या कोकणी बोलीतही. म्हणून कवितेचं नातं नमाजेपेक्षा दुआशी जास्त जवळचं आहे. उर्दूत ईश्वराशी बोलणाऱ्या कवितेला मुनाजात म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे हळूच कानात सांगणं. आपल्या 'हितगुज'ला इतका जवळचा शब्द दुसरा क्वचितच असेल.

तेव्हा माझी सूचना: आशीर्वादाच्या अर्थी 'दुवा' (पुल्लिंगी, देणे-घेणे) तसाच ठेवावा, तो आपला आहे. अल्लाकडे मागण्याच्या अर्थी 'दुआ' (स्त्रीलिंगी, मागणे-करणे) लिहावं. मराठी बोलणारे मुसलमान स्वतः तसंच म्हणतात: दुआ मागितली, दुआ केली, दुआत आठवण ठेवा. आणि एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. साखळीतला 'दुवा' हा मराठीत वेगळाच शब्द, त्याचा अरबीशी संबंध नाही. 'दुवा साधणारे हात' असं कुणी चित्राखाली लिहिलं तर वाचणारा साखळीकडेच जाईल. जाता जाता, 'बददुआ' मात्र मराठीत रुजली नाही. आपल्याकडे 'तळतळाट' होता, आणि त्या शब्दाच्या ताकदीपुढे दुसरा टिकणं कठीणच.

'प्रार्थना' लिहिलं तर चूक का, असंही तुम्ही विचाराल. चूक नाही. प्रार्थना या शब्दातच 'अर्थ्', म्हणजे मागणं आहे, त्यामुळे तो दुआला चपखल बसतो, नमाजेला तितका नाही. पण वृत्तपत्रांत हमखास दिसणारं 'अल्लाच्या चरणी प्रार्थना केली' हे कृपा करून टाळा. अल्लाला रूप नाही, मूर्ती नाही. 'चरणी' हे आपल्या भक्तीच्या भाषेतून सवयीने आलेलं शेपूट आहे. 'अल्लाकडे' म्हणा. त्याच न्यायाने सजद्याला 'साष्टांग नमस्कार' म्हणू नये. सजद्यात जमिनीला सात अंगं टेकतात: कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे, दोन पायांची बोटं. 'सजदा केला', 'सजद्यात गेला' असं सरळ लिहावं. आपली 'मशीद' याच धातूवरून आली आहे, सजदा करायची जागा ती मस्जिद, त्यामुळे हा शब्दही परका नाही.

एक शब्द मराठीने या प्रसंगासाठी जणू तयारच ठेवला आहे, तो म्हणजे 'पदर पसरणे'. उर्दूत 'दामन फैलाना'. दर्ग्यात ओढणी दोन्ही हातांवर पसरून मागणारी बाई मी अनेक चित्रांत पाहिली आहे. त्या चित्राखाली 'पदर पसरून दुआ मागताना' लिहिलंत तर तुळजापूरला जाणाऱ्या आणि पंढरपूरला जाणाऱ्या बायकांना एक अक्षरही समजावून सांगावं लागणार नाही. कार्तिए-ब्रेसाँच्या चित्रात मात्र हात पसरलेले आहेत, पदर नव्हे. तिथे हा शब्द घालू नका.

शेवटची गोष्ट विशेषणांची. 'भक्तीत तल्लीन', 'श्रद्धेने भारावलेल्या' असं काही जोडायचा मोह होतो, तो आवरा. चित्रात शरीर दिसतं. आतलं काय ते इक्बालांनीच एका शेरात विचारलं आहे:

जो मैं सर-ब-सजदा हुआ कभी तो ज़मीं से आने लगी सदा
तिरा दिल तो है सनम-आशना तुझे क्या मिलेगा नमाज़ में

कपाळ टेकवलं आणि जमिनीतून आवाज आला, तुझं मन तर मूर्तीत गुंतलेलं, तुला नमाजेत काय गवसणार? टेकलेलं कपाळ कॅमेरा टिपू शकतो. तो आवाज ऐकायला कवी लागतो, आणि तोही स्वतःबद्दलच बोलतो, दुसऱ्याबद्दल नाही. त्या टेकडीवरच्या बायकांच्या मनात काय होतं, हे आपण ठरवू नये. काश्मीरने १९४७च्या हिवाळ्यात युद्ध पाहिलं होतं. मागण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असेल.

ओळ अशी लिहा: 'हरी पर्वताच्या उतारावर दुआ मागणाऱ्या स्त्रिया. श्रीनगर, १९४८.' सूर्याचा उल्लेख हवाच असेल तर 'सूर्योदयाच्या वेळी' असं कालवाचक घाला. 'सूर्याला' नको.