आजीच्या गुडघ्यांना विचारून बेत कर

पुणे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा दोन दिवसांचा बेत वाचला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज आणि परतताना निघोजचे रांजणखळगे. सोबत आई-बाबा, गुडघेदुखीची आजी आणि सहा वर्षांची भाची. ही सहल आहे की निवडणुकीचा दौरा?

हसतोय खरा, पण हा उद्योग मीही करून बसलोय. एकदा घरच्यांना एका दिवसात पाच ठिकाणं दाखवली. रात्री आईला विचारलं, सगळ्यात काय आवडलं? म्हणाली, "मंचरला चहा चांगला होता." चार ठिकाणी ती गाडीतच बसून होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

म्हणून निम्मी नावं खोड. जुन्नर आणि नाणेघाट ठेव. लेण्याद्री हवंच असेल तर सकाळी लवकर. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आजीसाठी डोलीची चौकशी आधीच कर. निघोज पुढच्या खेपेला. कुकडीच्या पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळा कातळ कोरून ते खळगे झालेत, तिथे तासभर तरी बसायला हवं.

जुन्नरच का? तर तिथे लेणी, बाजार आणि डोंगर असे वेगळे कप्पे पाडावे लागत नाहीत. प्राचीन काळी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल देशावर चढवायची वाट म्हणजे नाणेघाट, आणि वर आल्यावरची पेठ जुन्नर. तिथल्या लेण्यांना दान देणाऱ्यांत धंदेवाले पुष्कळ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणीही लेखांत येतात. हे घरच्यांना सांग आणि मग त्यांना जुन्नरच्या आठवडे बाजारात ने. वार आधी विचारून घे. पोत्यांपुढे बसलेला धान्यवाला मग वेगळा दिसतो. तिथे घाई करू नकोस. आईला भाव करू दे, तिची सहल तीच आहे. जेवायला मासवडी. नावाला फसू नका, त्यात मासा नसतो. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण.

दुसरा अख्खा दिवस नाणेघाटाला. गाडी पठारापर्यंत जाते. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. आजीला तिथेच बसव, सोबत बाबा. तू भाचीचा हात धरून नळीतून, म्हणजे घाटाच्या अरुंद खिंडीतून, खाली उतर. दगड ओबडधोबड आहेत. पावसाळ्यात शेवाळावर भल्याभल्यांचे पाय सटकतात, तेव्हा मुलीला खाली नेऊच नकोस.

थोडं उतरलं की गुहा लागते. भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली. थोडक्यात, खर्चाची वही. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं राहिलीत, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या. भाचीला व्याख्यान देऊ नकोस. तिला लेखातला दोनाचा आकडा शोधायला लाव. एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा, बस्स. सापडला की ती ओरडेल, आणि आवाज वर आजीपर्यंत जाईल.

हॉटेलच्या जाहिरातीतल्या 'व्ह्यू'ला भुलू नकोस. मी एकदा जास्तीचे पैसे भरून रात्रभर जनरेटर पाहिला. खोली तळमजल्यावर आहे का, एवढंच विचार.

आणि गाडीत एक सतरंजी टाक. रांजणाजवळ वारा फार असतो, कडेला ठेवायला चार दगड तिथेच मिळतील.

तुझा,
काका